बेसिनखालची बादली

सरांनी पाठवलेल्या पहिल्याच फोटोत बादली अगदी मधोमध आली होती. निळी, काठोकाठ भरलेली, आणि तिच्याभोवती थेट हॉलपर्यंत पसरलेलं पाणी. बेसिनखालच्या कपाटाची दारं उघडी होती आणि आत कनेक्शन पाइपचा तडकलेला नट लोंबत होता. मी परगावी होते, घर सोडून नववा दिवस. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे सर शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अख्खी इमारत त्यांना सरच म्हणते. पहाटे छताच्या गिलाव्याचा एक मोठा पोपडा त्यांच्या कॉम्प्युटरवर पडला, त्या आवाजाने ते जागे झाले. माझ्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांनी वर येऊन मेन कॉक बंद केला, चारी बाजूंनी फोटो काढले आणि मग मला फोन लावला.

"अहो, घाबरू नका, पाणी बंद केलंय," ते म्हणाले. मी अर्थातच घाबरले. घाबरून दोन गोष्टी केल्या. सरांना म्हटलं, "तुमचं जे काही नुकसान झालं असेल ते सगळं मी भरून देते." आणि फोटो जसेच्या तसे विम्याच्या एजंटला पाठवून दिले. यातली चूक कुठली आणि शहाणपणा कुठला, हे कळायला मला तीन महिने लागले. त्या क्षणी मला दोन्हींचा अंदाज बरोबर उलटा होता.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. दुसऱ्यांच्या पुस्तकात वेलांटी चुकली तर मला ती पान उलटायच्या आधी दिसते. पण स्वतःच्या घराची पॉलिसी सात वर्षं फायलीत पडली होती आणि मी त्यातलं फक्त पहिलं पान वाचलेलं होतं. तेही नाव बरोबर छापलंय की नाही एवढं बघायला.

एजंटचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, नुकसान तुमचं की त्यांचं?"

"दोघांचंही."

"मग क्लेम दोन."

पाणी एक, पाइप एक, पहाट एक, तर क्लेम दोन कसे? त्याने समजावलं ते असं. माझ्या वस्तूंचं नुकसान झालं तर कंपनी मला पैसे देते, कारण तसा माझा तिच्याशी करार आहे. तिथे चूक कोणाची हा प्रश्न सहसा येत नाही. आपत्ती करारात बसते का, एवढंच बघतात. सरांच्या वस्तूंचं मात्र तसं नाही. सरांचा आणि माझ्या कंपनीचा संबंधच नाही. ते तिसरे. पहिली मी, दुसरी कंपनी, आणि कराराबाहेरचे सर हे तृतीय पक्ष. त्यांच्या नुकसानीसाठी कायद्याने मी जबाबदार ठरत असेन, तरच पॉलिसीतला दायित्वाचा, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा भाग जागा होतो. म्हणजे तिथे चूक कोणाची हाच सगळा प्रश्न. "आणि तुम्ही सरांना काय बोललात?" त्याने विचारलं. मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

घरी परत येताना प्रवासात मी पॉलिसी मोबाइलवर उघडली आणि पहिल्यांदा वाचली. माझ्या सवयीने, शब्दावर बोट ठेवून. सुरुवातीलाच व्याख्यांची पानं होती आणि लिहिलं होतं की ठळक अक्षरांत छापलेले शब्द या व्याख्यांप्रमाणेच वाचावेत. खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. शब्दकोश सोडून ग्रंथ वाचायला घेतल्यासारखं मी पुढे पळत होते. 'घर', 'सामान', 'नुकसान', 'घटना', इतकंच काय 'तुम्ही' हा शब्दसुद्धा ठळक होता. 'तुम्ही' म्हणजे पॉलिसीधारक आणि त्याच घरात कायम राहणारे नातेवाईक. माझा भाचा आठवड्यातले चार दिवस माझ्याकडे असतो आणि त्याची पुस्तकांची पेटी भिजली होती. तो 'तुम्ही' आहे का? (नव्हता. कायमचा पत्ता आईवडिलांकडचा. त्याच्या पुस्तकांचे पैसे मीच दिले.)

'जोखीम' हा शब्द तर मला आयुष्यभर वेगळाच माहीत होता. आमच्या आजीच्या तोंडी जोखीम म्हणजे अंगावरचे दागिने. 'एवढी जोखीम घालून एकटी जाऊ नकोस.' विम्यात मात्र जोखीम म्हणजे नुकसान होण्याची शक्यता. ज्याने नुकसान होतं ती आपत्ती, म्हणजे आग, चोरी, पाइप फुटणं. आणि आपत्तीची शक्यता वाढवणारी परिस्थिती, जुना पाइप किंवा तुटकं कुलूप, तिला त्यांचा शब्द हॅझर्ड. मराठीत आपण तिन्हींना धोकाच म्हणून मोकळे होतो. एरवी काही बिघडत नाही, पण नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला तेव्हा सगळी चर्चा या तीन शब्दांच्या फटींमध्येच झाली.

त्याआधी बादलीबद्दल सांगायला हवं. निघण्याच्या दोन दिवस आधी मला बेसिनखाली ओल दिसली होती. नटापाशी थेंब जमत होता, मिनिटाला एखादा. सहा महिन्यांपूर्वीच ते कनेक्शन नव्याने बसवून घेतलं होतं. मी प्लंबरला फोन केला, तो म्हणाला पुढच्या आठवड्यात येतो. मी म्हटलं मी आल्यावर या. आणि खाली बादली ठेवून निघून गेले. मेन कॉक बंद करायचं डोक्यातही आलं नाही. थेंबाला बादली पुरेल असा साधा हिशोब होता.

क्लेम फॉर्मवर 'नुकसानीचं कारण' असा दोन ओळींचा रकाना होता. मी लिहिलं, 'बेसिनच्या पाइपचा नट अचानक तुटला.' खोटं काहीच नव्हतं त्यात. माझी मामेबहीण वकील आहे, तिला फॉर्म दाखवला. तिने वाचला, मग फोटो बघितले आणि विचारलं, "ताई, ही बादली कुणाची वाट बघत होती?"

मग तिने मला परम सद्भावाचं तत्त्व सांगितलं. विमा घेणाऱ्याला जे माहीत असतं ते कंपनीला माहीत नसतं, म्हणून महत्त्वाची गोष्ट लपवायची नाही, हे कर्तव्य. या तत्त्वाचा पाया मानला जाणारा निकाल इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशाने १७६६ साली दिला. सुमात्रा बेटावरचा एक इंग्रज किल्ला शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा उतरवला होता आणि तो फ्रेंचांनी खरंच घेतला. किल्ला कमकुवत असल्याचं लपवलं, असं विमा देणाऱ्याचं म्हणणं होतं. गंमत म्हणजे, लपवू नका असं सांगण्यासाठी ज्या खटल्याचा दाखला देतात, तो खटला विमा देणारा हरला होता. उघड दिसणाऱ्या गोष्टींची चौकशी तूही करायला हवी होतीस, असं न्यायाधीशांनी त्याला सुनावलं. "म्हणजे मला सांगायची गरज नाही?" मी आशेने विचारलं. "म्हणजे दोघांनीही प्रामाणिक राहायचं," ती म्हणाली. "आणि तो निकाल विमा काढण्याच्या वेळचा आहे, तू क्लेम करतेयस. क्लेममध्ये बनवाबनवी केली तर झालेल्या खऱ्या नुकसानीचे पैसेही जाऊ शकतात. शिवाय बादली फोटोत आहे आणि फोटो तूच पाठवलेत."

मी रकान्यात तिसरी ओळ घातली. अक्षर बारीक करावं लागलं.

सर्व्हेअर मितभाषी होता. त्याने भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावलं, तुटलेला नट मागितला (मी तो कचऱ्यात टाकलेला, नशिबाने पिशवी अजून दारातच होती), भिंग लावून पाहिला आणि एका कागदी पाकिटात घातला. मग बेसिनखालच्या कपाटाची तळफळी बोटाने दाबली. ती एका कोपऱ्यात मऊ होती. "ही नऊ दिवसांत नाही झालेली," तो म्हणाला. म्हणजे माझ्या नजरेला पडायच्या कितीतरी आधीपासून थेंब गळत असणार. इथे पॉलिसीतला एक शब्द उभा राहिला, हळूहळू. हळूहळू होणारी गळती, झीज, गंज, बुरशी हे सगळं अपवादांच्या यादीत. अचानक आणि अनपेक्षित बाहेर पडलेलं पाणी मात्र संरक्षणात. एकाच नटाने आधी हळूहळू आणि मग अचानक असं दोन्ही करून ठेवलं होतं.

मला वाटलं, संपलं. पण त्याने नुकसानीचेच दोन भाग केले. तळफळीचा तो कोपरा आणि मागच्या प्लायवरची बुरशी थेंबाच्या खात्यात, म्हणजे माझ्या खिशातून. बाकी सगळं, जमीन, पुस्तकं, कपाटं, सोफा, हे नट तुटल्यावरचं. आणि खुद्द नट आणि पाइपचे पैसे नाहीत. सदोष वस्तू दुरुस्त करणं हा मालकाचा खर्च, त्या दोषातून पुढे झालेलं नुकसान विम्याचं. म्हणजे सगळ्यांत स्वस्त वस्तू तेवढी मला नवी आणावी लागली, याचं मला उगाच बरं वाटलं.

हे निकटतम कारणाचं गणित मामेबहिणीने मला एका बोटीवरून समजावलं होतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, एका ब्रिटिश जहाजावर पाणतीर आदळला. कसंबसं ते फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात आणलं. तिथे वादळ आलं, धक्क्याला धडका बसू लागल्या म्हणून त्याला दुसरीकडे हलवलं, तिथे ओहोटीला ते तळाला टेकायचं, आणि शेवटी बुडालं. समुद्राच्या आपत्तींचा विमा होता, युद्धाचा नव्हता. १९१८ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च पातळीवर निकाल लागला की कारण पाणतीरच. निकटतम म्हणजे वेळेने शेवटचं नव्हे, तर परिणामाने सगळ्यांत जोरकस. माझ्या बाबतीत थेंब आधीचा आणि नट नंतरचा, पण घर बुडवलं ते नटाने. सर्व्हेअरने बोटीचं नाव घेतलं नाही. त्याने अहवालात दोन ओळी लिहिल्या, बस.

मग इमारत कुठली आणि सामान कुठलं, याचा वाद. एजंटने मला एक युक्ती सांगितली जी या धंद्यातले लोक सर्रास सांगतात. घर उचलून उलटं केलं अशी कल्पना करा. जे खाली पडेल ते सामान, जे चिकटून राहील ते इमारत. भिंतीला स्क्रूने ठोकलेलं बेसिनखालचं कपाट इमारत. चिकटवलेली लाकडी जमीन इमारत. तिच्यावरची सतरंजी सामान. पुस्तकांची कपाटं नुसती उभी होती, सामान. मला हे शाळेतल्या खेळासारखं वाटलं होतं, पण त्यावर बरंच अवलंबून होतं, कारण इमारतीची विमा रक्कम पुरेशी होती आणि सामानाची नव्हती.

आता माझ्या सगळ्यांत लाजिरवाण्या भागाकडे येते. पॉलिसीच्या सामानाच्या भागात एक कलम होतं, त्याला मथळा होता 'ॲव्हरेज'. प्रवासात वाचताना मी त्याच्या बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं होतं. सरासरीचा इथे काय संबंध? छपाईची चूक असावी, 'कव्हरेज' म्हणायचं असेल. मुद्रितशोधकाचा अहंकार, दुसरं काय! घरी आल्यावर कोश उघडला (खालच्या फळीवरचा नाही, तो भिजला होता) तेव्हा कळलं की इंग्रजीतला हा शब्द आधी नुकसानीचाच होता, सरासरीचा नंतर झाला. जहाजावरच्या मालाचं नुकसान सगळ्या मालवाल्यांनी आपापल्या वाट्याने सोसायचं, त्यावरून. कोशकार त्याचं मूळ फ्रेंच आणि इटालियनमार्गे अरबीतल्या 'अवार' या शब्दापर्यंत नेतात, म्हणजे मालाचं नुकसान. चूक छापखान्याची नव्हती.

कलमाचा अर्थ असा. समजा माझ्या सगळ्या सामानाची खरी किंमत शंभर आणि मी विमा उतरवला साठचा. तर उरलेल्या चाळीसचा विमा देणारी मी स्वतःच आहे, असं धरलं जातं. मग नुकसान वीसचं झालं तरी मला मिळणार बारा. वीस हे साठपेक्षा कितीतरी कमी आहे, मग पूर्ण का नाही, असा वाद मी सर्व्हेअरशी घातला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, प्रीमियम तुम्ही साठचाच भरलात ना? पण थेंब तर शंभरावर पडला."

आणि साठ का झाले? सात वर्षांपूर्वी एजंटने विचारलं होतं, सामान साधारण कितीचं लिहू, आणि मी एक गोल आकडा सांगितला होता. त्यात पुस्तकांची किंमत मी धरलीच नव्हती. माझ्या मनात पुस्तकं ही वस्तूच नव्हती, ती होती, बस. सर्व्हेअरने भिंतीभर पुस्तकं मोजली तेव्हा सामानातली सगळ्यांत मोठी रक्कम तीच निघाली. मधल्या वर्षांत प्रत्येक नूतनीकरणाच्या कागदावर तोच आकडा छापून येत होता आणि मी दर वर्षी सही करत होते.

बारामधून मग एक्सेस गेला. प्रत्येक नुकसानीतला पहिला ठरावीक हिस्सा आपण सोसायचा, तो एक्सेस. वजावट म्हणा हवं तर. हा मीच प्रीमियम कमी व्हावा म्हणून वाढवून घेतला होता, हे एजंटने आठवण करून दिलं. घसारा मात्र लागला नाही, कारण माझी पॉलिसी 'जुन्याला नवं' या प्रकारची होती. म्हणजे सोफा अकरा वर्षांचा असला तरी तसाच नवा घ्यायला काय लागेल ते धरलं. नाहीतर अकरा वर्षांची झीज वजा झाली असती आणि सोफ्याच्या नावावर उशीची किंमत हाती आली असती.

एक प्रसंग मात्र अजून खटकतो. माझ्याकडे एक अनेक खंडांचा जुना कोश आहे. त्यातले खालच्या फळीवरचे चार खंड फुगून जाडजूड झाले. ते खंड सुटे मिळत नाहीत, घ्यायचा तर पूर्ण संच. पण पॉलिसीत 'जोड्या आणि संच' असं कलम होतं आणि त्यात फक्त बिघडलेल्या भागाची किंमत. एका कानातलं हरवलं तर दुसऱ्याचे पैसे नाहीत, तसं. वर भिजलेले खंड मला ठेवायचे होते, तर पैसे दिल्यावर नुकसान झालेली वस्तू कंपनीची होते आणि ठेवायची असेल तर तिची मोडीत किंमत कापून घेतली जाते, हेही कळलं. फुगलेल्या कोशाची मोडीत किंमत काय, यावर सर्व्हेअर आणि मी पाच मिनिटं गंभीरपणे बोललो. शेवटी त्याने शून्य लिहिलं. माझ्या मते तो त्याचा एकमेव प्रेमळ आकडा.

आता सरांकडे. मी त्यांना फोनवर जे बोलून बसले होते, ते पॉलिसीच्या एका अटीविरुद्ध होतं. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दायित्व कबूल करायचं नाही, भरपाई देऊ करायची नाही, तडजोड करायची नाही. मला ती अट तेव्हाही असंस्कृत वाटली आणि अजूनही थोडी वाटते. खालच्या घरात आपल्यामुळे पाणी गेलं तर माणूस दुसरं काय बोलेल? मामेबहीण म्हणाली, "वाईट वाटलं म्हण, मदतीला जा, पुसायला फडकं घेऊन जा. फक्त जबाबदार मी, असं म्हणू नकोस. कारण तू आहेस की नाही, ते अजून ठरायचंय."

ते ऐकून मी चिडले. पाणी माझ्या घरातून गेलं, मग जबाबदार मी नाही तर कोण? तेव्हा तिने मला १९१३ चा निकाल सांगितला आणि मी गप्प बसले. मेलबर्नमधली एक इमारत, वरच्या मजल्यावरचं हात धुवायचं बेसिन. रात्री कोणीतरी मुद्दाम तोटी पूर्ण सोडून निचऱ्याची वाट बुजवून ठेवली आणि खालच्या भाडेकरूचा माल भिजला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि इमारतीचा मालक सुटला. त्याआधी १८६८ मध्ये असा नियम झाला होता की धोकादायक वस्तू स्वतःच्या जागेत साठवली आणि ती निसटली, तर चूक नसली तरी भरपाई द्यावी लागते. तो खटलाही पाण्याचाच, एका तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरल्याचा. पण घरातलं नळाचं पाणी म्हणजे काही तलाव नव्हे, तो जागेचा रोजचा, स्वाभाविक वापर आहे, असं १९१३ मध्ये ठरलं. म्हणजे वरून पाणी आलं एवढ्यावर वरचा जबाबदार होत नाही. त्याचा निष्काळजीपणा दिसावा लागतो.

"आणि निष्काळजीपणा कशावरून?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"बादलीवरून," ती म्हणाली.

निष्काळजीपणाच्या कायद्यातला सगळ्यांत प्रसिद्ध निकाल १९३२ चा, स्कॉटलंडमधून आलेला. जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय सापडल्याची तक्रार होती. त्यात लॉर्ड ॲटकिन यांनी प्रश्न विचारला की कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? आणि उत्तर दिलं ते साधारण असं, की माझ्या कृतीचा ज्याच्यावर थेट परिणाम होईल हे मला आधीच दिसायला हवं, तो. कायद्याचा शेजारी शोधायला लोकांना बरंच डोकं चालवावं लागतं. माझा तर बरोबर खाली राहत होता. थेंब मला दिसला होता, तो वाढू शकतो हे कोणालाही कळेल, आणि कॉक बंद करायला दहा सेकंद लागली असती. बादली नसती तर, मला काही माहीतच नव्हतं, असं म्हणता आलं असतं. बादलीने सिद्ध केलं की माहीत होतं.

म्हणजे माझ्या सामानाच्या क्लेममध्ये मी जिला घाबरत होते, तीच बादली सरांच्या क्लेममध्ये कामाची ठरत होती. मी दोषी नसते तर माझ्या दायित्वाच्या विम्यातून एक पैसाही निघाला नसता. मी जितकी निष्काळजी, तितका त्यांचा दावा पक्का. हे पचायला मला रात्र लागली.

पण मग पॉलिसीत 'वाजवी काळजी घ्यावी' अशीही अट होती. काळजी घेतली नाही म्हणून मी जबाबदार, आणि काळजी घेतली नाही म्हणून विमाही नाही, असं झालं तर तो विमा कसला? हे कोडं इंग्लंडमध्ये १९६७ साली एका खटल्यात सुटलं आहे. दायित्वाच्या विम्यात त्या अटीचा अर्थ बेपर्वाई करू नये एवढाच घ्यायचा, म्हणजे धोका ओळखूनही तो टाळायची पर्वाच न करणं. साधी चूक, विसरणं, अंदाज चुकणं यासाठीच तर विमा असतो. आता बादली म्हणजे बेपर्वाई की अंदाज चुकणं? मामेबहिणीने माझी बाजू एका वाक्यात मांडून दिली, पत्रात तेच लिहिलं. धोका ओळखला, त्यावर उपाय केला, उपाय अपुरा पडला. बादली हा निष्काळजीपणाचा पुरावा, आणि बेपर्वाई नसल्याचाही.

तोवर दीड महिना झाला होता. सर आणि मी जिन्यात भेटत होतो, एकमेकांना विचारत होतो, छत वाळलं का, जमीन बसवली का. त्यांनी त्यांच्या स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम केला होता आणि त्यांना पैसे मिळालेही होते. मला हायसं वाटलं, प्रकरण मिटलं. आणि मग एक दिवस पत्र आलं. वरच्या ओळीत सरांचं पूर्ण नाव, खाली माझं, आणि त्यांच्यातर्फे नुकसानभरपाईची मागणी.

मी ते पत्र तीनदा वाचलं. पैसे मिळूनही सर माझ्यावर दावा लावतात? दोन दिवस मी जिन्याचा आवाज ऐकून दार उघडत होते. तिसऱ्या दिवशी सरच वर आले, त्यांच्या हातात पत्राची प्रत. "अहो, हे मी नाही हो पाठवलं. माझ्या नावाने कोणीतरी तुमच्याशी भांडतंय."

बरोबर तसंच होतं ते. सबरोगेशन म्हणतात त्याला. कंपनीने सरांना पैसे दिले की सरांचे माझ्याविरुद्धचे हक्क तिच्याकडे जातात. ती सरांच्या जागी उभी राहते, बऱ्याचदा त्यांच्याच नावाने. कारण भरपाई एकदाच मिळावी, दोनदा नाही, आणि ज्याची चूक त्याच्यावर बोजा यावा. मला हे ऐकायला एरवी न्याय्य वाटलं असतं. पत्र मी माझ्या कंपनीला पाठवलं, उत्तर देऊ नका असं त्यांनी बजावलं, आणि दोन कंपन्या आपसात बोलू लागल्या. त्यात कळलं की सरांना त्यांच्या पॉलिसीतून नवा कॉम्प्युटर मिळाला, पण दायित्वात माझ्याकडून जुन्याचीच किंमत मागता येते. सरांच्या एक्सेसची रक्कम मात्र त्यांना कोणीच दिली नव्हती. ती मागणीही दायित्वाच्या क्लेममध्ये घालावी लागते, नाहीतर ती राहूनच जाते. ती सरांना घालायला लावली ती मीच. स्वतःविरुद्धचा दावा वाढवणारी मी त्या कंपनीच्या इतिहासात एकटी नसेन, पण एजंटच्या आवाजावरून तरी तसं वाटलं.

आणि प्लंबर. तो येऊन अगदी रडवेला झाला होता, नट जास्त आवळला गेला असेल म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे, होतं. त्याला तसं लिहूनही देणार होते, बिचाऱ्याची झोप उडाली होती. मामेबहिणीने हात धरला. त्याला लेखी माफ केलं तर माझ्या कंपनीचा त्याच्याकडून वसुलीचा हक्क मी परस्पर मोडीत काढला असता, आणि मग माझाच क्लेम अडला असता. सर्व्हेअरने नट पाकिटात का घातला, ते मला तेव्हा उमगलं. पुढे प्लंबरच्या विम्याने काय केलं ते माझ्यापर्यंत आलं नाही. तो अजून माझ्याकडे कामाला येतो आणि दर वेळी दोन पाने वापरून नट आवळतो, एकाने धरतो, एकाने फिरवतो.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी डिस्चार्ज व्हाउचर आलं. त्यावर सही केली की हिशोब पूर्ण आणि अंतिम, पुढे काही मागायचं नाही. मामेबहिणीला फोन करून विचारलं, आकडे पुन्हा तपासले, इमारत, सामान, वजा एक्सेस, कोशाचे चार खंड. सगळं जुळलं. मजकूर वाचला. 'अंतिम'वर एक वेलांटी जास्त पडली होती आणि शेवटून दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम चुकीच्या शब्दानंतर होता. लाल पेन हातातच होतं. दुरुस्त्या केल्या, समासात खुणा केल्या, खाली सही केली आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी एजंटचा फोन. "मॅडम, खाडाखोड केलेलं व्हाउचर चालत नाही. कोरं पाठवतोय. या वेळी फक्त सही."